ट्रेकसाठी चपटा फिक्स्ड ब्लेड बॅकअप चाकू कसा निवडायचा: जागा आधी, म्यान नंतर, पातं शेवटी

पावसाळा जवळ आला की वॉटरफॉल रॅपलिंगवाल्या, म्हणजे धबधब्यातून दोरावरून उतरणाऱ्या, आणि ट्रेकवाल्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, दादा, अंगावर चपटा बसणारा, न दिसणारा बॅकअप चाकू हवाय, हा घेऊ का, आणि खाली पात्याचा फोटो आणि स्टीलचं नाव. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, ठेवणार कुठे? कारण बॅकअप चाकूचं काम म्हणजे सॅक पाठीवर नसताना, एक हात दोरात अडकलेला असताना, दुसऱ्या हाताला तो न बघता सापडला पाहिजे आणि एक गोष्ट कापून झाली पाहिजे, बस. बाकी ते स्टील, ग्राइंड, मुठीचा रंग हे सगळं त्यानंतर येतं. म्हणून हा लेख नेहमीच्या उलट क्रमाने लिहितोय, आधी शरीरावरची जागा, मग म्यान, मग मूठ, मग पातं आणि सगळ्यात शेवटी स्टील. याच क्रमाने निवडलात तर पैसेही कमी जातात आणि चाकू खरंच अंगावर राहतो, ड्रॉवरमध्ये नाही.

बॅकअप म्हणतोय म्हणजे मुख्य चाकू वेगळा आहे हे धरून चाला. भाजी कापायला, काटक्या सोलायला, डबा उघडायला सॅकमध्ये स्विस नाइफ किंवा मोठी सुरी असतेच, वाट मोडायला गावातल्या वाटाड्याकडे कोयता असतो. हा तिसरा, अंगाला चिकटून बसणारा. तो फिक्स्ड ब्लेड, म्हणजे घडी न होणारा, हवा; फोल्डिंग का नको असं लोक विचारतात. फोल्डिंग चाकू चांगलाच असतो, पण थंडीने बधिर झालेल्या ओल्या बोटांनी, धबधब्याचं पाणी तोंडावर आपटत असताना पात्याची खाच नखाने शोधून ते उघडायचं, लॉक बसला का बघायचं, हे एका हाताने जमत नाही, वर सांध्यात चिखल आणि वाळू जाऊन तो अडकतो. फिक्स्डला सांधाच नाही. ओढला की तयार.

काम काय तर, आठाच्या डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून उतरताना वेग आवरणाऱ्या 8 आकाराच्या धातूच्या कडीत, टीशर्ट किंवा केस ओढले गेले आणि दुसऱ्या कुठल्याच उपायाने सुटत नाहीत, प्रवाहात पडल्यावर सॅकचा पट्टा खडकात अडकला, करवंदीच्या जाळीत किंवा जुन्या जाळ्याच्या दोऱ्यात पाय गुंतला, कुणाचा घोटा सुजला आणि बुटाच्या लेस पटकन कापायच्यात, जखमेवरचा कपडा फाडायचाय. अशी छोटी, घाईची कामं. स्वसंरक्षणासाठी म्हणून घेत असाल तर माझा सल्ला सरळ आहे, घेऊ नका. झटापटीत चाकू काढला की वाद मारामारीवरून थेट जिवावर जातो, चाकू समोरच्याच्या हातात जाऊ शकतो, आणि नंतर पोलीस ठाण्यात तुमची बाजू ऐकून घ्यायला कुणी बसलेलं नसतं.

सुरुवात कायद्यापासून, कारण साइज त्यावरून ठरते

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या नियमांमध्ये तलवारी, खंजीर, भाले यांच्या रांगेतच ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू धरलेत, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची हत्यारं त्यातून वगळलीत. आपल्याला लागणारं पातं जेमतेम ३ इंचांचं, म्हणजे मापाच्या बाबतीत आपण कितीतरी आत आहोत. पण 'खंजीर' हा शब्द तिथे आहे हे लक्षात ठेवा, म्हणून दुधारी, दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं घ्यायचंच नाही, कितीही छोटं असलं तरी. त्याने ट्रेकचं कुठलं काम सोपंही होत नाही.

दुसरं, महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ३७. सण, निवडणुका, मोर्चे, बंदोबस्त असला की पोलीस आयुक्त किंवा जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतात, त्यात शस्त्रं, काठ्या, सुऱ्या-चाकू सगळं बाळगायला बंदी असते आणि मोडला तर कलम १३५ खाली कारवाई. मुंबईत असे आदेश वरचेवर निघतात. त्यामुळे चाकू शहरात अंगावर लावून फिरायचं नाही. घरातून निघताना तो सॅकच्या तळाशी, म्यानात, दोरी, कॅरॅबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) आणि हार्नेस (कमर-मांड्यांना बांधायचा पट्टा) यांच्या सोबत एकाच पिशवीत ठेवायचा, पायथ्याच्या गावात सॅक उघडून हार्नेस चढवला की तेव्हाच अंगावर घ्यायचा आणि उतरल्यावर पहिल्यांदा परत पिशवीत. कुणी विचारलं तर सामान स्वतःच सांगतं की हा माणूस ट्रेकला चाललाय. मेट्रोत आणि मॉलमध्ये तपासणी असते तिथे नेऊच नका, विमानात केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इन बॅगेत टाका.

तिसरी गोष्ट ट्रेकर लोकांना सहसा कुणी सांगत नाही आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३१, अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाता येत नाही, आणि त्याच कायद्यात हत्यार कशाला म्हणायचं त्या व्याख्येत चाकू हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. आता आपले गड बघा, हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई त्या नावाच्याच अभयारण्यात, भीमाशंकर अभयारण्यात, वासोटा कोयनेच्या जंगलात. इथे जाताना वन खात्याच्या नाक्यावर आधी विचारा, रॅपलिंगचा कार्यक्रम असेल तर आयोजकाने परवानगीच्या अर्जातच सामानाची यादी द्यावी, आणि नाही म्हणाले तर चाकू गाडीत ठेवून वर जायचं. वाद घालायचा नाही. अशा ठिकाणी प्रथमोपचार पेटीतली बोथट टोकाची कात्री, जिच्याने प्लास्टर आणि कपडे कापतात ती, बरोबर नेता येईल का हेही तिथेच विचारून घ्या.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी एक, दिल्लीत १९८० सालची एक अधिसूचना आहे, बटणाने किंवा स्प्रिंगने उघडणाऱ्या चाकूंबद्दल, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल तर तो त्यात येतो. म्हणून 'फोल्डिंग आहे, चालतंय' असं समजून खटकेवाला चाकू खिशात घालून दिल्ली स्टेशनवर उतरू नका. यूकेमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी तर फिक्स्ड ब्लेड सबळ कारण असल्याशिवाय सार्वजनिक जागी न्यायचाच नाही, तिथे लॉक नसलेला, ३ इंचांच्या आतला घडीचा चाकू तेवढा विनाकारण चालतो.

आणि न दिसणारा म्हणजे लपवलेला असा अर्थ मी घेत नाही. गडावर देवदर्शनाला आलेली म्हातारी माणसं असतात, पोरंटोरं असतात, त्यांच्यासमोर कमरेला चाकू लोंबकळत फिरणं चांगलं दिसत नाही आणि झाडीत अडकतंही. जॅकेटच्या खाली, अंगाला चपटा बसलेला, कुणाच्या नजरेत येणार नाही पण पोलिसाने किंवा वनरक्षकाने विचारलं तर लगेच काढून दाखवता येईल असा, एवढंच.

पहिली पायरी: जागा ठरवा, तीही पुठ्ठ्याच्या चाकूने

एक रुपयाही खर्च करायच्या आधी हे करा. जुनी लाकडी पट्टी किंवा ३ मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा घ्या, १५-१६ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद, त्यावर जाड पुठ्ठ्याचं म्यान सेलोटेपने गुंडाळा. हा तुमचा नकली चाकू. आता हार्नेस घाला, सॅक घाला, पावसाळी जॅकेट घाला आणि हा नकली चाकू वेगवेगळ्या ठिकाणी बांधून घरात, जिन्यावर, सोसायटीच्या गच्चीवर फिरा. खाली बसा, गुडघा छातीपर्यंत उचला, वाका, पाठीवर झोपा. कुठे टोचतं ते लगेच कळतं.

मग दोन्ही हातांची परीक्षा. डोळे मिटून उजव्या हाताने काढा, नंतर डाव्या हाताने. दोन्ही हातांनी निघाला तरच ती जागा पास. कारण रॅपलिंगमध्ये एक हात ब्रेकवर, म्हणजे खालचा दोर आवळून वेग धरायला असतो, तो सोडायचाच नाही, आणि तो उजवाच असेल असं नाही.

माझ्या मते जागा अशा. सॅक घेऊन चालायचा ट्रेक असेल तर सॅकच्या डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर, छातीच्या बेल्टच्या जरा वर, मूठ खाली. हात आपोआप तिथे जातो. पण वॉटरफॉल रॅपलिंगला, दुधिवरे म्हणा की मढे घाट, सॅक वरच काढून ठेवतात, मग पट्ट्यावरचा चाकूही वरच राहतो. तिथे हार्नेसच्या कमरपट्ट्यावर नाभीच्या थोडं बाजूला, आडवा. फार मध्ये घेतला तर वाकताना पोटात घुसतो आणि बिले लूपच्या, म्हणजे डिसेंडर अडकवायच्या पुढच्या कडीच्या, आड येतो, तिकडे काहीच येता कामा नये. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग किंवा कयाक करणाऱ्यांच्या लाइफ जॅकेटवर छातीशी एक चौकोनी तुकडा शिवलेला असतो, चार खाचांचा, ती जागा चाकूसाठीच असते.

दोन जागा मी नको सांगतो. एक म्हणजे कमरेच्या मागे मणक्यावर आडवा, तो दिसत नाही खरा, पण घसरून पाठीवर पडलात तर कडक म्यान थेट मणक्यावर येतं. दुसरी गळ्यातली. गळ्यात चाकू अडकवायची फॅशन आहे, पण दोर, झाडी आणि वाहतं पाणी या तिन्ही ठिकाणी गळ्याभोवती न तुटणारी दोरी म्हणजे फास आहे. अगदीच घालायचा असेल तर झटका बसला की सुटणारी मण्यांची साखळी, तीही चालण्याच्या ट्रेकपुरती. दोरावर नाही.

हार्नेसच्या गियर लूपला, म्हणजे सामान अडकवायच्या बाजूच्या कडीला, कॅरॅबिनरने लोंबकळता चाकू लावतात तेही मला पटत नाही. तो गरगर फिरतो, हाताला दर वेळी वेगळ्या कोनात लागतो, आणि कातळावर आपटून म्यान ढिलं होतं.

दुसरी पायरी: म्यान

पात्याच्या चौपट वेळ म्यानावर घालवा. चामड्याचं म्यान दिसायला सुंदर, पण आपल्या पावसात ते पाणी पितं, फुगतं, बुरशी धरतं आणि आतलं पातं गंजवतं. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर चामडं वाळतच नाही. कापडी म्यान तर बॅकअपसाठी बादच, पडल्यावर टोक आरपार येतं.

कायडेक्स किंवा साच्यात ओतलेलं कडक प्लास्टिक घ्या. कायडेक्स हे गरम केलं की मऊ होणारं प्लास्टिक, पात्यावर दाबून बसवतात म्हणून चाकू त्यात टक असा आवाज करून बसतो. तो आवाज आला पाहिजे. बघायच्या गोष्टी अशा: तळाला पाणी निघून जायला भोक आहे का, कडेला आयलेट (धातूची कडी बसवलेली भोकं) किंवा साधी भोकं आहेत का म्हणजे आडवं-उभं कसंही बांधता येईल, म्यानाच्या तोंडाशी अंगठा टेकवायला उंचवटा आहे का. हा उंचवटा फार कामाचा, मूठ धरायची आणि अंगठ्याने म्यान ढकलायचं, चाकू अर्धा इंच सुटतो आणि मग तो आरामात ओढता येतो. नुसता खेचून काढायची सवय लागली तर घट्ट म्यानातून तो एकदम उसळून बाहेर येतो आणि शेजारच्याला लागतो.

पकड किती हवी? चाकू म्यानासकट उलटा धरा, जोरजोरात हलवा, धरून दहा-वीस उड्या मारा. हलला तर नको. आणि ओल्या, साबण लावलेल्या हाताने काढून बघा, निघाला नाही तरीही नको. या दोन टोकांच्या मध्ये बसतं ते म्यान चांगलं. स्क्रू असलेली म्यानं पकड कमी-जास्त करता येतात, पण ते स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात, त्यांच्या आट्यांवर स्क्रू पक्का करणाऱ्या निळ्या लॉकटाइटचा एक थेंब टाका. आणि उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कायडेक्स ठेवू नका, वाकतं.

म्यान बांधायला बारीक दोरीची घट्ट गाठ किंवा पक्की क्लिप. पुस्तकाच्या क्लिपसारख्या लवचिक प्लास्टिक पट्ट्या येतात त्या झाडीत ओढल्या की सुटतात, आणि मग चाकू म्यानासकट दरीत.

तिसरी पायरी: मूठ

इथे चपटेपणा आणि पकड यांचं भांडण असतं. एकदम चपटा हवा म्हणून लोक नुसत्या पोलादाची, मधून भोकं पाडलेली मूठ घेतात. कोरड्या हाताला ठीक, ओल्या हातात ती मासोळीसारखी निसटते. माझं मत, मूठ पूर्ण जाडीला १० ते १२ मिलिमीटर असू द्या, त्याहून बारीक नको. भोकाच्या मुठीचाच चाकू घेतलात तर त्यावर बारीक पॅराकॉर्ड (नायलॉनची मजबूत दोरी) घट्ट गुंडाळा, पण ओली पॅराकॉर्ड ढिली पडते हे धरून, आधी भिजवून मग ओढून गुंडाळा.

मटेरियलमध्ये मायकार्टा मला आवडतो, कापड आणि राळेचे थर दाबून केलेला, ओला झाला की उलट जास्त धरतो. जी-टेन, म्हणजे काचतंतू आणि राळेचे थर, कडक आणि टिकाऊ. रबर लावलेली मूठ हाताला छान बसते, काही वर्षांनी आपल्या उकाड्यात चिकट होते. लाकूड नको.

लांबी एवढी की तीन बोटं पूर्ण बसली पाहिजेत आणि करंगळी टोकाला टेकली पाहिजे. पात्याच्या आणि मुठीच्या मध्ये बोट पुढे घसरू नये म्हणून खाच किंवा उंचवटा हवाच, हा मुद्दा सोडू नका, कारण ओल्या हाताने जोर लावला की बोटं धारेवर जातात. मागच्या भोकात बोटभर लांबीची भडक केशरी दोरी बांधा, ओढायला सोपी. ती मनगटात अडकवायची नाही, हातातून सोडावासा वाटला तर सोडता आला पाहिजे.

रंगाबद्दल एक. न दिसणारा म्हणून सगळे काळी मूठ घेतात. जॅकेटच्या खाली कुठलाही रंग दिसत नाही, पण ओल्या पाचोळ्यात पडला की काळा चाकू सापडत नाही. केशरी घ्या.

चौथी पायरी: पातं

लांबी ६ ते ८ सेंटिमीटर. याहून मोठं अंगावर बसत नाही, याहून लहान पात्याने जाड पट्टा एका ओढीत कापत नाही. जाडी २ ते ३ मिलिमीटर. बाजारात ४-५ मिलिमीटर जाडीचे छोटे चाकू खूप मिळतात, दणकट म्हणून विकतात, पण आपल्याला लाकूड फोडायचं नाही, पट्टा कापायचाय, आणि जाड पातं पट्ट्यात पाचरीसारखं अडकतं. बारीक पातं लोण्यातून गेल्यासारखं जातं. त्याच कारणासाठी पाठीपासून धारेपर्यंत सरळ निमुळतं होत गेलेलं पातं घ्या, ज्याला फ्लॅट ग्राइंड म्हणतात.

टोक. हा निर्णय तुमच्या खेळावर. पाण्यात आणि दोरावर बोथट किंवा छिन्नीसारखं तिरकं कापलेलं टोक उत्तम, कारण माणसाच्या अंगाला चिकटलेला कपडा, लाइफ जॅकेटचा पट्टा कापताना टोकदार पातं त्याच्याच अंगात जातं. नुसत्या चालण्याच्या ट्रेकला काटा काढायला, भोक पाडायला टोक लागतं, तर खाली वळलेलं, पाठीच्या रेषेत न राहता मधोमध येणारं टोक चालेल. सुईसारखं कधीच नको.

धार साधी की करवती? नायलॉनचा जाड दोर करवती धारेने पटकन कापतो, पातळ कपडा मात्र तिच्या दातांत गोळा होतो. आणि करवती धार घरच्या साध्या दगडावर लावता येत नाही. मी साधी धार सांगतो, फक्त ती आरशासारखी गुळगुळीत न करता ६०० ते १००० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितका बारीक) दगडावर थांबवायची, थोडी खरखरीत राहिली की ती दोर आणि पट्टा दोन्ही पकडते.

पाचवी पायरी: स्टील, ज्यावर सगळे सुरुवात करतात

बॅकअप चाकू वर्षातले बहुतेक दिवस म्यानात पडून असतो, कापत काहीच नाही. त्यामुळे धार किती दिवस टिकते या आकड्यांना इथे अर्थ नाही. त्याची धार कापून जात नाही, गंजून जाते. धारेची सगळ्यात पुढची कड इतकी पातळ असते की तिथला गंज डोळ्यांना दिसत नाही, पातं लखलखीत दिसतं आणि कापायला जावं तर बोथट. म्हणून गंज न धरणं हा पहिला निकष, धार टिकणं दुसरा.

साधं कार्बन स्टील, १०९५ म्हणा किंवा आपल्या लोहाराने गाडीच्या कमानपाट्यातून घडवलेलं, कोयत्याला आणि विळ्याला उत्कृष्ट, पण त्यात क्रोमियम नसल्यात जमा, जुलैतल्या एका ट्रेकला लाल ठिपके येतात. डी-२ नावाने ऑनलाइन भरपूर विकतात, त्यात क्रोमियम ११-१२ टक्के असतं आणि लोक स्टेनलेस समजून घेतात, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनबरोबर कार्बाइडमध्ये अडकतं, गंज रोखायला थोडंच उरतं. कोकणात, समुद्राकाठी ते घेऊ नका.

स्वीडिश १२सी२७ किंवा १४सी२८एन मिळालं तर डोळे मिटून घ्या. गंजत नाही म्हणावं इतकं कमी गंजतं, घरच्या दगडावर धार लागते, महाग नाही. बजेट असेल आणि मालवण-तारकर्लीला खाऱ्या पाण्यात जाणार असाल तर एच-१ किंवा एलसी२००एन, यांच्यात कार्बन कमी असतो आणि नायट्रोजन असतो, खाऱ्या पाण्यातही ती गंजायला तयार नसतात. २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट दोन्ही बाजूंनी छान आहे, पण बॅकअपसाठी तेवढे पैसे घालायची गरज मला दिसत नाही, ते पैसे चांगल्या हार्नेसला लावा.

नावं विचारणार म्हणून काही सांगतो. मोरा या स्वीडिश कंपनीचा एल्ड्रिस, पातं ५९ मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर, मूठ थोडी गुबगुबीत आहे पण ओल्या हातात अप्रतिम. मोराचाच कंपॅनियन सगळ्यांना माहीत आहे, तो १०४ मिलिमीटर पात्याचा, सॅकसाठी मस्त, अंगावर मोठा. ईएसईईचा इझुला आकाराने एकदम बरोबर आणि चपटा, पण मूळचा १०९५ मध्ये आणि पातं जवळपास ४ मिलिमीटर जाड, तेव्हा घ्यायचाच तर त्याची स्टेनलेस आवृत्ती. सीआरकेटीचा मिनिमलिस्ट छोट्या हातांना छान, मूठ बोटांच्या खाचांची. नदीवाल्यांनी एनआरएसचे बोथट टोकाचे चाकू बघावेत, ते लाइफ जॅकेटवर लावायलाच बनवलेत. नकली माल ऑनलाइन खूप आहे, अगदी क्षुल्लक किमतीत नामांकित चाकू दिसला तर तो खरा नाही.

घरी आल्यावर तपासणी

जुन्या दोराचा १० मिलिमीटरचा तुकडा, जुन्या सॅकचा पट्टा आणि फाटका टीशर्ट बादलीत भिजवा. दोराची घडी घालून पात्यावर ओढा, पट्टा एका हाताने ताणून कापा, टीशर्टचा बोळा करून कापा. ओल्या हाताने, मग हातमोजे घालून, मग डाव्या हाताने. पट्ट्याला दोनपेक्षा जास्त ओढी लागल्या तर आधी धार लावा, तरीही तसंच तर चाकू परत करा. कापताना खाली मांडी नको, पातं नेहमी अंगापासून लांब.

काढणं शिकायला आठवडाभर नकली चाकूच वापरा. खऱ्याबरोबर एक नियम, काढायला घाई चालेल, म्यानात घालायला कधीच नाही. काम झालं की थांबा, म्यानाकडे बघा, म्यान धरलेल्या हाताची बोटं तोंडाच्या रेषेत नाहीत ना बघा, मग सावकाश टक होईपर्यंत. हात कापायचा सगळ्यात मोठा धोका इथेच असतो.

दोरावर असताना

हा भाग नीट वाचा. माणसाचं वजन आलेला नायलॉनचा दोर पात्याला नुसता टेकला तरी जातो, कारण ताणलेले धागे स्वतःच फाटायला तयार असतात, पात्याने पहिले चार सोडवले की बाकीचे आपोआप तुटतात. म्हणून डिसेंडरमध्ये टीशर्ट किंवा केस अडकले तर चाकू हा शेवटचा उपाय.

आधी ब्रेकचा दोर मांडीला तीन-चार वेढे देऊन किंवा डिसेंडर बांधून लॉक करा. वरून वेगळा सेफ्टी दोर असेल तर ओरडून तो ताठ करायला सांगा, तेवढ्यानेच डिसेंडरवरचं वजन कमी होतं. नसेल तर डिसेंडरच्या वर दोरावर ६ मिलिमीटरच्या कॉर्डची प्रुसिक गाठ (वजन आलं की दोराला आवळून धरणारी) मारा, तिला लांब स्लिंग, म्हणजे पट्टीचा फास, लावा, त्यात पाय घालून उभे राहा. वजन पायावर आलं की डिसेंडर मोकळा होतो आणि कपडा बहुतेक वेळा हाताने ओढून निघतो. या सगळ्यासाठी प्रुसिकची कॉर्ड आणि स्लिंग हार्नेसला हवी, आणि ती मारायची सवय जमिनीवर झालेली हवी. चाकू घेतला पण प्रुसिक येत नाही असं असेल तर आधी प्रुसिक शिका.

त्यानेही नाही सुटलं तरच चाकू. पात्याची पाठ दोराकडे, धार दोरापासून उलट्या दिशेला. कपडा डिसेंडरपासून जितका लांब कापता येईल तितका लांब, छोट्या छोट्या ओढींनी. केसांचंही तसंच, डोक्याच्या बाजूला कापा, धातूजवळ नाही. झाल्यावर पातं म्यानात गेल्याशिवाय ब्रेकवरचा लॉक सोडायचा नाही. आणि लांब केस बांधून हेल्मेटमध्ये, टीशर्ट आत खोचलेला, एवढं केलं तर यातलं काही करायची वेळ सहसा येत नाही.

टीम लीडरला निघायच्या आधी सांगून ठेवा चाकू कुठे आहे ते, म्हणजे तुम्हीच अडकलात तर दुसऱ्याला शोधत बसायला नको.

सांभाळणं

ट्रेकवरून आल्यावर चाकू आणि म्यान दोन्ही गोड्या पाण्याने धुवा, म्यानाच्या आत नळ सोडा, चिखलाचे कण आतच राहतात आणि प्रत्येक वेळी धार घासतात. दोन्ही वेगवेगळे पंख्याखाली रात्रभर. पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुसून घ्या, खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं. घरी ठेवताना म्यानाबाहेर, कोरड्या कपड्यात, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा कुलूपबंद जागी.

महिन्यातून एकदा वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून बघा. अडखळला तर दगडावर प्रत्येक बाजूला साधारण २० अंशांचा कोन धरून आठ-दहा हलक्या ओढी, जास्त नाही. म्यानाचे स्क्रू, बांधलेली दोरी आणि मुठीमागची केशरी दोरी त्याच वेळी ओढून बघा, कुठे विरलेली दिसली तर लगेच बदला.